परवान्याची बंदूक, हक्काचं पिस्तूल

अब्बा, तुमच्या नातवाने अमेरिकेत पिस्तूल घेतलंय. आठवडाभर हे डोक्यात घोळतंय, म्हणून इथे रियाधला, ओलायातल्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसलो. तो आता तिथला नागरिक आहे. फोनवर म्हणाला, "इट्स माय राइट, अब्बू. घटनेतच लिहिलंय." मी विचारलं, परवाना कोणी दिला? तो हसला. त्याच्या राज्यात परवाना लागतच नाही म्हणे, कमरेला लावून बाजारात गेलं तरी कोणी हटकत नाही. आपल्या घरात हे नवीनच. तुमची बंदूक परवान्यावर, माझं इथलं राहणं इकाम्यावर, तोही परवानाच. ज्याच्या नावावर मी इथे आहे तो कफील खलास म्हणाला की मी बॅग भरणार. हक्क म्हणून काही हातात घेतलेला आपल्यातला पहिला माणूस तोच. क्षणभर मला त्याचा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

तुमची ठासणीची बंदूक होती शेताच्या राखणीची, रानडुकरं भात लोळवायची म्हणून मिळालेली. निवडणूक लागली की तुम्ही ती जुन्या चादरीत गुंडाळायचात, एसटीने पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायचात, निकाल लागला की परत आणायचात. गावातले सगळे परवानेवाले तेच करायचे, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. पण त्या वर्षी निवडणूक नव्हती. तालुक्याच्या गावी दंगल झाली होती आणि ठाण्यातून निरोप आला, बंदुका जमा करा. अम्मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती, तिथूनच ओरडली, "डोकं फिरलंय का तुमचं? उद्या कोणी दारात आलं तर काय, उलथनं घेऊन उभी राहू?" तुम्ही आपले चादर शोधताय. मी तेव्हा कॉलेजात. म्हटलं, अब्बा, आजचा दिवस राहू द्या ना. तर माझ्यावरच खेकसलात, "ती डुकरांसाठी दिलीय, माणसांसाठी नाही. कळलं? हो बाजूला." आणि गेलात. पुढे काही झालं नाही, दारात कोणी आलं नाही. अम्मीने मात्र कितीतरी दिवस तुमच्याशी अबोला धरला.

हे सगळं मी पोराला सांगितलं, अगदी तुमच्यासारखं खेकसून. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आणि कोणी आलं असतं तर?" त्या दिवशी मी अम्मीच्या बाजूचा होतो अब्बा, आजही आहे. तरी माझ्या नातीच्या घरात पिस्तूल नको. ही दोन्ही मतं एका डोक्यात कशी मावतात, मला विचारू नका. त्याला म्हटलं, अरे, पोर चार वर्षांची, खुर्ची ओढून कपाटं उघडते, व्हिडिओ तूच पाठवलास. तो म्हणतो, कुलपात आहे. म्हटलं, मग चोर आल्यावर त्याला थांब म्हणून चावी शोधणार का? तो चिडला. एवढ्यात तुमच्या सुनेने माझ्या हातातून फोन ओढला. "ते घरात असेल तर मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. अमेरिकेची तिकिटं रद्द करते." रडायलाच लागली. तेव्हा कुठे तो नमला. म्हणाला, तुम्ही असेपर्यंत नेमबाजीच्या क्लबात ठेवतो, तुम्ही गेलात की आणीन.

ती खूश. लगेच यल्ला यल्ला, चला चला करत मला बाजारात घेऊन गेली, नातीसाठी फ्रॉक घेतले, खजूर घेतले, मापाचा घोळ घालून दुकानदाराशी हिंदीत भांडलीसुद्धा. मलाही हायसं वाटलं होतं. परतताना टॅक्सीत फ्रॉकची पिशवी मांडीवर होती आणि एकदम लक्षात आलं, आम्ही महिनाभराचे पाहुणे. पोर तिथेच राहते.

पुन्हा फोन करून हे बोलायला हवं. सकाळी ठरवतो, संध्याकाळी टाळतो. बोललो तर तो म्हणेल, मग येऊच नका. आणि मला तिला एकदा कडेवर घ्यायचंय, अब्बा. म्हणून गप्प बसलोय.