छत्रीच्या कापडाची गोधडी

आई, आज सासूबाईंच्या खाटेवर मी छत्रीच्या कापडाची गोधडी घातली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कात्री हातात घेतली तेव्हा आधी तूच आठवलीस, आणि लोधिवलीचं आपलं स्वयंपाकघर. बाबांचं अर्धं अंग गेलं त्या वर्षीचं. औषधाच्या दुकानातून आणलेलं, अंथरुणावर घालायचं रबरी कापड त्यांच्या पाठीला चिकटायचं. कुणी भेटायला आलं की ते बऱ्या हातानं चादर ओढून रबर झाकत बसायचे. मग त्यांनी पाणीच सोडलं. अंथरूण ओलं व्हायला नको म्हणून तहान मारून पडून राहायचे. ओठ फुटले, ताप भरला, डॉक्टर ओरडले. मी नुसती रडत होते. तू मात्र तडक कर्जत गाठलंस आणि स्टेशनजवळच्या छत्रीवाल्याकडून मोडक्या छत्र्यांची कापडं पिशवीभर घेऊन आलीस. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं!

तू जमिनीवर बसली आहेस, भोवती काळे त्रिकोणी तुकडे. एक सुलटा, एक उलटा असे जोडत जातेस आणि बघता बघता सरळ पट्टी होते. पाणी झिरपू नये म्हणून जोडावर मेणबत्ती घासतेस. वर तुझी मऊ झालेली लुगडी, आणि मग जन्माची सवय म्हणून सगळ्या पदरांतून आरपार धावदोरा. गोधडी म्हटली की धाव हवीच ना! पूर्ण झाल्यावर ग्लासभर पाणी ओतून पाहिलंस, तर खालची फरशी ओली. टाक्याटाक्याला भोक पडलं होतं.

"अगं बया, मीच चाळन केली की गं हिची!" म्हणून तू पोट धरून हसलीस. मला तर रडूच फुटलं होतं. मग सगळं उसवलंस, खाली छत्रीचं नवं कापड घेतलंस आणि दोन्ही थर फक्त कडांना जोडलेस. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं.

"धावेबिगर गोधडी असते व्हय गं?"

"नाय तर नाय. मानूस कोरडा रायला पायजे."

बाबांना भेटायला आलेल्यांना ती साधी गोधडीच दिसायची. चादर ओढायचं बंद झालं. आणि एका सकाळी बाबा म्हणाले, "च्या ठेव गं. कप भरून." तू चुलीकडे तोंड करून पदरानं नाक पुसलंस. मला तेव्हा तुझं इतकं कौतुक वाटलं, पण ते बोलून दाखवायची आपल्या घरात रीतच नव्हती. आता सांगते, तुझ्यासारखं डोकं मी पुढे कुणाचं पाहिलं नाही.

खाटेला खिळलेल्या सासूबाईंनीही गेल्या आठवड्यापासून पाणी सोडलं होतं. विचारलं की "तहान नाय" म्हणून भिंतीकडे वळायच्या. आज त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, कड उचलून खाली पाहिलं.

"कोनी शिवली गं?"

"मी."

"तांब्या दे हिकडं." अर्धा तांब्या त्या घटाघटा प्यायल्या. तोंड पुसून म्हणाल्या, "लई हुशार हायस."

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून खरं लिहिते. ही अक्कल माझ्या आईची, असं मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं गं, आणि मी गप्प बसून ते सगळं माझ्याकडेच ठेवून घेतलं. उद्या सांगीन. बहुतेक.