शिवतेजचा दंड

प्रिय सुची,

फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतेस आणि इकडे तुझे बाबा पेपर उलटा धरून कान टवकारतात. म्हणून शेवटी कागदच घेतला. जन्मभर अंगणवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला लावली, मला चार पानं काय जड? आधी मुख्य बातमी सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल. आम्ही तुझा सिनेमा पाहिला! आम्ही म्हणजे अख्ख्या मोरा गावानं!

गावातल्या हरेशदादानं मिनीबस ठरवली आणि वरात निघावी तसे आम्ही नेरूळकडच्या मॉलमध्ये निघालो. तुझे बाबा आदल्या दिवसापासून गुडघा चोळत, "मना नाय यायचा," असं ऐकवत होते. सकाळी मी बसपाशी गेले तर हे महाशय सगळ्यांच्या आधी ड्रायव्हरशेजारी बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून! तू बंदरातली नोकरी सोडून सिनेमे लिहायला अंधेरीला गेलीस त्या दिवसापासून आपल्या घरात त्यांच्यासमोर तुझं नाव निघत नाही. "ती माजी कोनी नाय," असं ते म्हणाले, "मग मलाही बाप नाही," असं तू म्हणालीस. दोघं एकाच खाणीतले दगड, कपाळ मात्र माझं फुटतं.

पडद्यावर लेखिकेचं नाव आलं, मध्ये 'वामन' असं बाबांच्या नावासकट, तेव्हा शेजारच्या रंगूबाईनं या वयात तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. मी तर रडलेच. मग तुझा शिवतेज आला. लाँच हाकणाऱ्या तांडेलाचा पोरगा, भरती आली की अंगात दहा हत्तींचं बळ, ओहोटी लागली की साधी बादली उचलताना धापा टाकणारा. अगं, काय डोकं चालवलंयस! पण सुरुवातीलाच त्याचा बाप बुडत्या लाँचमधून एकेक माणूस बाहेर काढतो आणि स्वतः पाण्यात जातो, तिथे मी हळूच शेजारी पाहिलं. बाबांनी समोसा तोंडाजवळ नेला होता. तो इंटरव्हलपर्यंत तसाच हातात राहिला. त्यांनी आपल्या मोऱ्याच्या धक्क्यावरून आयुष्यभर लाँच हाकली, सुची. तो तांडेल शिडी चढताना डावा हात कमरेवर ठेवतो, ते तू कुठून उचललंस हे गावात शेंबड्या पोरालाही कळलं.

खरी मजा संध्याकाळी. देवळात गावकीची बैठक होती, धक्क्याजवळच्या गाळाबद्दल. गाळ राहिला बाजूला आणि सिनेमाच सुरू झाला! शर्मिला म्हणाली, ओहोटीत हीरो लुळा पडतो हीच सगळ्यात भारी गोष्ट, नाहीतर हे हीरो कधी दमतच नाहीत. हरेशदादा म्हणाला, "ता बरोबर, पन यो राक्षस आकाशातून आयला कशाला, ता कुठं सांगलाय?" खरं सांगू, मलाही ते कळलं नाही. रंगूबाईचा राग शिवतेजच्या पाठीवरच्या लाल झुलीवर. पाण्यात पोहणाऱ्या माणसानं एवढं कापड पांघरलं तर ते पायात नाही का अडकणार, असं ती सगळ्यांना हातवारे करून दाखवत होती. उलट खाडीपुलावरच्या मारामारीला सगळ्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. शेवटचं गाणं लांबलं यावरही एकमत झालं. आपल्या गावकीत एकमत, म्हणजे बघ!

मग पोपटकाका उठले. अध्यक्ष म्हटल्यावर शेवटचा शब्द त्यांचा. "राक्षसाला आडवायला शिवतेजनी किनाऱ्यावरच्या होऱ्या उचलून फेकल्या. त्या कोनाच्या व्हत्या? त्यांची भरपाय कोन देल?" झालं! आपल्या लोकांना भरपाई हा शब्द ऐकू आला की झोपलेला माणूससुद्धा उठून बसतो. तुला गावचा रिवाज आठवतो ना? दुसऱ्याच्या होडीला धक्का लावला की नारळाचा दंड. ज्या घरचं माणूस, त्या घरच्या कर्त्यानं उभं राहून दंड कबूल करायचा, मग चूक करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं देवळाच्या पायरीवर नारळ फोडायचा, खोबरं सगळ्यांनी खायचं आणि विषय तिथेच संपवायचा. पोपटकाकांनी शिवतेजला दंड ठोठावला! लोक हसून लोळत होते. कुणीतरी म्हणालं, त्याचा बाप तर पाण्यात गेला, कबूल कोण करणार? पोपटकाका आपल्याच तंद्रीत बोलून गेले, "मंग ज्यानी लिवला, त्येचे घरचे कर्त्यानी उबं रावाचा."

लोक माना वळवून बाबांकडे बघायला लागले. पोपटकाकांनीही जीभ चावली. तुझे बाबा काय म्हणालेत ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी रंगूबाईचा हात घट्ट धरला. आणि ते उठले, सुची. गुडघा धरून, खांबाला टेकत उठले. म्हणाले, "माजे पोरीचा दंड हाय. मना कबूल हाय."

माझी पोरगी म्हणाले. भर देवळात, सगळ्या गावासमोर!

तेवढ्यावर बसतील तर ते बाबा कसले? "पन माजा बी एक आक्षेप हाय," असं म्हणून त्यांनी बोट वर केलं. "सगले बोलतान, शिवतेजचा बाप मेला. मेला असा कोनी सांगला? बॉडी दाखिवली? पान्यान गेलेला मानूस गावल्याबिगर आपुन कवा मेला म्हनलाय?" खरंच आहे ते. आपल्याकडे असा माणूस सापडेपर्यंत त्याच्या दाराला आतून कडी घालत नाहीत. मला एक सांग, त्या तांडेलाचा देह तू मुद्दामच दाखवला नाहीस ना? मी आई आहे तुझी, मला तेव्हाच कळलं होतं.

आता हे पत्र का, ते ऐक. घरी आल्यावर बाबांनी बाजारातला सगळ्यात मोठा नारळ आणून देव्हाऱ्यापाशी ठेवला. मग इकडे तिकडे करत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सुचीला लिव, दुसरे भागान त्येचे बापाला परत आन." सुचीला, म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं आणि मला चुलीवरचं कालवण उतरवायचंही भान राहिलं नाही. जळलं सगळं, पण ते ताट पुसून जेवले. तर बाई, दंड तुझा, नारळ तुझ्याच हातानं फुटायला हवा, गावकी ऐकायची नाही. येत्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकड. मोऱ्याला उतरवून घ्यायला कोण येईल ते मी विचारलेलं नाही. पण तो इस्त्रीचा शर्ट पुन्हा धुऊन खुंटीला लागलाय, आणि काल रात्री मी दाराला आतून कडी लावायला गेले तर बाबा म्हणाले, "राहूंदे."

दोन दगडांच्या मधली,
तुझीच आई