आबांसाठी निवडलेले अकरा

आबा,

परवा तुमच्या नातवाने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "आई, या दोघांतला कोण घेऊ?" तो आणि त्याच्या ऑफिसातली मुलं एक खेळ खेळतात. खऱ्या फुटबॉलपटूंमधून प्रत्येकाने आपले अकरा निवडायचे, मैदानात त्यांनी जे केलं त्याचे गुण आपल्याला. तो दोन पोरांमध्ये अडकला होता. मी दोघांच्या खेळाचे तुकडे पाहिले, पुन्हा लावायला सांगितले, आणि म्हटलं, "हा नको. पास चुकला की हा दुसऱ्याकडे रागाने बघतो." तो हसायला लागला. म्हणाला, "तुला कुठून गं हे कळतं?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी शिकवलं, आणि कुकरची शिट्टी झाल्यासारखी स्वयंपाकघरात गेले. कुकर लावलेलाच नव्हता.

तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. बोलायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन गुजरातेत, डिंडोलीच्या तुमच्या घरात आले तेव्हाच तुमच्या डोळ्यांवर सायीसारखं काही चढलेलं होतं. माझा चेहरा तुम्ही नीट पाहिलाच नव्हता. मी पाया पडले तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेलात तो खांद्यावर पडला, आणि बायका हसल्या. तुम्ही रेल्वेतून रिटायर झालेले, भुसावळच्या मैदानावर तरुणपणी फुटबॉल खेळलेले, हे मला आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटला. तुमचा मुलगा सकाळी लूमवर जायचा तो दिवस मावळल्यावर कापसाची धूळ केसांत घेऊन यायचा. संध्याकाळचा सगळा भार माझ्यावर. पाणी भरा, भाकरी थापा, डाळ फोडणीला टाका, आणि आत्याबाई दारात बसून प्रत्येक भाकरीचा काठ बघणार. मला माहेरची आठवण यायची ती नेमकी त्या वेळेला. डोळे भरले तर चुलीच्या धुराचं निमित्त सांगायचीही सोय नव्हती, कारण घरात गॅस होता.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात फ्रान्समधला विश्वचषक टीव्हीवर लागला. दिवसातला पहिला सामना आपल्याकडे संध्याकाळीच असायचा. तुम्ही टीव्हीच्या इतके जवळ बसायचात की पडद्याचा निळा उजेड तुमच्या कपाळावर पडायचा, तरी तुम्हाला दिसायचे ते फक्त रंगांचे डाग. ओटल्यावर जमणाऱ्या तुमच्या तीन मित्रांनी तेव्हा तो खेळ काढला. कोपऱ्यावरचा गुजराती पानवाला, मिलमधून रिटायर झालेले जॉबरकाका, शेजारचे फिटरकाका आणि तुम्ही. पहिला आठवडा सगळे संघ बघायचे, मग रविवारी पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा. एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळणार नाही. गोल केला तर गुण, गोल होऊ दिला नाही तरी गुण. जो शेवटी राहील त्याने सगळ्यांना वाफवलेल्या डाळीचा लोचो खाऊ घालायचा. सगळे म्हणाले, आबा, तुम्ही पंच व्हा. तुम्हाला ते लागलं. तुम्ही आत आलात आणि मला हाक मारलीत, "पोरी, ते पीठ ऱ्हाऊ दे. इकडे ये. माले सांग काय चालू शे."

आत्याबाई म्हणाल्या, "मग भाकरी कोन थापी?"

तुम्ही म्हणालात, "आठ दिवस तू थाप."

मी हात धुऊन तुमच्या शेजारी बसले. आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता. मी सांगायचे, "निळा शर्टवाला जोरात पळतोय." तुम्ही वैतागायचात. "पयस ते बठ्ठाच, कोनीबी पयस. थांबस कसा ते सांग." मग हळूहळू तुम्ही मला बघायला शिकवलंत. चेंडूकडे नको बघू, ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघ. चूक झाल्यावर त्याची मान कुठे वळते ते बघ. पुढे गेलेला माणूस मागे परत येतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? मी माझ्याच भाषेत सांगायला लागले. तो गर्दीच्या नळावर आपली घागर अलगद आत सरकवणाऱ्या बाईसारखा आहे, म्हटलं, कोणाला धक्का न लावता पुढे जातो. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "हां! तो घ्यायचा. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवत गेले. देश, शर्टाचा रंग, पाठीवरचा आकडा. दुसऱ्या दिवशी कपडे धुताना मी मनातल्या मनात त्यांना एकमेकांसमोर उभं करून बघायचे. मला कोणी असं विचारलं नव्हतं कधी, की तुला काय दिसलं. तुम्ही विचारायचात, आणि मी सांगितलेलं खरं धरायचात.

निवडीच्या रविवारी तुम्ही ओटल्यावर बसलात आणि मी उंबऱ्याच्या आत. दोघांची मिळून एक टीम ही लबाडी, अशी पानवाल्याने लगेच हरकत घेतली. "आबा, आ तो अंचई छे. बे जणा मळीने एक टीम?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "ती मना डोया शे. तुम्ही आपापले डोये घरी ठेवून या, मग मीही तिले आत धाडतो." जॉबरकाका पोट धरून हसले आणि माझं बसणं मान्य झालं.

पेपरात फोटो आलेले मोठे मोठे खेळाडू पहिल्या फेऱ्यांत गेले. तुम्ही घाई केली नाही. पाळी आली की किंचित मागे झुकायचात, मी हळूच सांगायचे, आणि तुम्ही ते मोठ्याने म्हणायचात, जणू कधीपासून ठरवून ठेवलं होतं. एका बॅकचं मी नाव घेतलं तेव्हा फिटरकाका म्हणाले, याला कोण ओळखतं? तुम्ही म्हणालात, आता ओळखतील. आपलं एकदाच वाजलं. एक जुना नावाजलेला फॉरवर्ड उरला होता. तुम्ही त्याचं नाव वर्षानुवर्षं रेडिओवर ऐकलेलं, तुम्हाला तो हवा होता. मी म्हटलं, "आबा, तो दमलाय. अर्धा सामना झाला की गुडघ्यावर हात ठेवून वाकतो." तुम्ही उरलेले खेळाडू बोटांवर मोजलेत. पानवाला घाई करायला लागला. मग तुम्ही फॉरवर्डला सोडलंत आणि मी सांगितलेला पोरगा घेतलात. त्याला जॉबरकाकांनी उचललं.

तो आठवडा संपला तरी माझं बसणं संपलं नाही, कारण आता संघ आपला होता. आत्याबाई आदळआपट करत भाकरी करायच्या आणि मी पंख्याखाली बसून तुमच्या वतीने ओरडायचे. आबा, त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ते तिथे.

आणि त्याच दिवसांत बारडोलीच्या शिबिराची गोष्ट निघाली. नवागामच्या दवाखान्यातला माणूस दारावर येऊन सांगून गेला की गुरुवारी गाडी जाणार आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन, राहणं जेवण सगळं तिकडेच. तुम्ही म्हणालात, सामने संपू द्या, मग बघू. तुमच्या मुलाला ते पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत भांडी घासत असताना तो डबा घ्यायला आला आणि मला विचारलं, "तू दिवसभर त्यांच्याजवळ असतेस. डोळा जास्त बिघडलाय का? तसं असेल तर मी जबरदस्तीने नेतो."

मला माहीत होतं, आबा. उजवा डोळा लाल व्हायला लागला होता. आदल्याच संध्याकाळी तुम्ही मध्येच पदराचं टोक मागून घेतलंत, डोळ्यावर दाबलंत आणि म्हणालात, "कपाय ठणकी ऱ्हायनं." मी त्याला हे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "एवढं काही नाही. त्यांचं मन रमलंय, सामने होऊ द्या." तो बरं म्हणाला आणि गेला. माझ्यावर त्याचा विश्वास होता. मी भांडी विसळत राहिले आणि संध्याकाळी कोणाचा सामना आहे ते आठवत राहिले.

आपण हरलो, तेही शेवटून पहिले. मी नको म्हटलेल्या त्या फॉरवर्डने गोल केला, आणि माझा निवडलेला पोरगा दुखापत होऊन बाहेर बसला. पानवाला टाळ्या वाजवत सुनेवर घसरला, "वहूए डुबाड्या!" तुम्ही त्याला तिथेच अडवलंत. "निवड मनी व्हती. तिले काही बोलायचं नही." मग लोचो आला, वर तेल आणि बारीक शेव, आणि तुम्ही पहिली प्लेट आत माझ्याकडे पाठवलीत. मी ती मोरीच्या दारात उभी राहून खाल्ली. तोवर तुमचा डोळा इतका दुखायला लागला होता की तुम्ही डोकं एका बाजूला धरून बसायचात.

पावसाने शिबिरं बंद झाली. शेवटी तुम्हाला उलट्या सुरू झाल्या तेव्हा तुमच्या मुलाने रिक्षा केली आणि आम्ही बारडोलीला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस होता आणि तुम्ही विचारत होता, आलं का, आलं का. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि आम्हाला व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, "मोतीबिंदू पिकून आत दाब वाढलाय. उजवा डोळा गेला. डावा वाचवू. महिनाभर आधी आणलं असतं तर दोन्ही राहिले असते. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?" तुमचा मुलगा म्हणाला, "नाही आलं, साहेब." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याच्या मनात माझ्याबद्दल संशयच नव्हता. आत्याबाई भिंतीला धरून खाली बसल्या. मीही रडले. पण रडू येण्याच्या आधी एक विचार येऊन गेला, आणि तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. मला वाटलं, एकच डोळा म्हणजे यांना अजून मी लागेन.

डाव्या डोळ्याची पट्टी सोडली तेव्हा मी चहा घेऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडे किती वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "तू एवढी लहान शेस? मी समजत होतो चांगली मोठी बाई असशील." आणि लगेच आत्याबाईंकडे वळून, "हिच्याकडून एवढं काम करून घेस?" मी पदर तोंडाला लावून बाहेर आले.

घरी आल्यावर मी आपणहून संध्याकाळी पीठ मळायला बसले. आता कारण उरलं नव्हतं. तुम्हाला चष्म्याने पेपर वाचता येत होता. पण टीव्हीवर कधीमधी आपल्या देशातल्या संघांचे सामने लागायचे आणि तुमची हाक यायचीच. "पोरी, इकडे ये. सांग काय चालू शे." आत्याबाई म्हणायच्या, आता दिसतं ना तुम्हाला? तुम्ही म्हणायचात, "एकच डोया शे माले. लांबचं नही दिसत. बसू दे तिले." मी बसायचे. एकदा मी चेंडू बाहेर गेला म्हणून सांगायला तोंड उघडलं, त्याआधीच तुम्ही चुकचुकलात आणि हात झटकलात. मी थांबले. तुम्हीही थांबलात. मग तुम्ही पडद्यावरची नजर न काढता विचारलंत, "हां, काय झालं?" आणि मी सांगितलं, बाहेर गेला. तुम्हाला सगळं दिसत होतं, आबा. गेलेला डोळा तुम्ही माझ्या बसण्यासाठी खर्ची घालत होता, आणि तो कोणामुळे गेला ते तुम्हाला माहीत नव्हतं. की होतं? ठणकतंय हे तुम्ही मलाच तर सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी बोलता आलं असतं. नातू पोटात होता, घरात आपण दोघंच होतो, आत्याबाई कीर्तनाला गेल्या होत्या. मी शब्द जुळवलेही होते. तुम्ही म्हणालात, "तो मधला बघ, कसा शे?" आणि मी त्या मधल्याबद्दल सांगत बसले. पुढे नातू झाला, तुम्ही त्याला मांडीवर घेऊन उजवीकडची माशी दिसत नसताना हाकलायचात. तो चालायला लागला त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, ओटल्यावर बसल्याबसल्या, हातात पेपर होता. पुढच्या विश्वचषकाला जॉबरकाका दारापर्यंत आले आणि मला म्हणाले, या वेळी आबांच्या जागी तू बस. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, दुःखाने म्हणतेय.

तुमच्या मुलालाही हे अजून ठाऊक नाही. आता तो निवांत असतो, सांगता येईल, पण मी त्याचा चहा गाळते आणि दुसरंच काही बोलते. हा कागद मी घडी करून ठेवणार नाही, फाडणार आहे. आणि खरं सांगायचं तर आबा, तुम्ही असतात तरी तुमच्या हातात दिला नसता. एका डोळ्याने का होईना, तुम्हाला वाचता येत होतं.