मोटारीमागची तांब्याची खाण

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
निवृत्तीला आज वर्ष झालं. तीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजल्या. आता काहीतरी जागतिक पातळीचं करायचं. संकल्प: पहाटे पाचला उठणे. चहा दिवसाला एकच. (उठलो सव्वाआठला. चहा तीन. उद्यापासून नक्की.)

बायकोची, राजेश्वरीची, उसाच्या रोपांची नर्सरी जोरात आहे. शेडनेटखाली वीस हजार रोपं. इंदापूरच्या ऋषिराजने सगळी ठरवली आहेत, १७ तारखेला टेम्पो येणार. तिची पहिली मोठी ऑर्डर. मला काम एकच दिलंय: पाण्याच्या मोटारीमागच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घालणे. का, ते विचारलं नाही. तिथं कण्हेर आहे, कण्हेरीला असेल.

४ फेब्रुवारी
बादली राहिली. कण्हेर एका दिवसात मरत नाही.

५ फेब्रुवारी, सकाळी ११
ऐतिहासिक दिवस! बादली ओतताना माती खचली. खाली कोळसा, मीठ आणि एक हिरवा थर. खुरप्याने खरवडला तर आतून काकवीसारखा लाल. ताबडतोब मोबाईलवर शोधलं. क्यूप्राइट! म्हणजे तांब्याचं ऑक्साइड. जुन्या खाणींच्या मुलखात, तांब्याला जिथं हवा-पाणी लागतं तिथं सापडतं. व्हिडिओत इंग्लंड, अमेरिका, नामिबिया, झालंच तर राजस्थान, सगळं दाखवलं. आमचं सणसर नाही. कारण सणसरला कुणी खणलंच नाही.

कोळसा म्हणजे भट्टी. मीठ कशाला, ते नंतर बघू. प्राचीन माणूस काय आळणी जेवत होता?

७ फेब्रुवारी
खोदकाम जोरात (एक फूट). मध्ये एक गंजकी पट्टी आडवी आली, मोटारीकडून आलेली. तोडली. संशोधनात अडथळे येतातच.

जेवताना राजेश्वरीने पुन्हा माहेरच्या घंगाळाचा विषय काढला. लग्नात आईने दिलेलं, तेरा वर्षांपूर्वी माळ्यावरून गेलं. मी तेव्हाच सांगितलं होतं, तो भंगारवाला हिंडत होता, त्यानंच नेलं. विषय संपला. पण ही तेव्हापासून भंगारवाल्याला दारात उभं करत नाही. घरात तीन मोडके कूलर आहेत ते त्यामुळे. पाहुण्यांना वाटतं आमचं दुकान आहे.

८ फेब्रुवारी
थर संपूर्ण सपाट आहे. निसर्गाची कमाल. कडेला गोल वळलेला काठ. एका बाजूला कडीसारखा आकार. क्यूप्राइट कडीच्या आकारात वाढतो का, पाहणे.

मोटारीच्या पाइपला हात लागला तर झिणझिण्या आल्या. भूगर्भातल्या तांब्याचा प्रभाव असावा. व्हिडिओत हा मुद्दा नाही. माझा स्वतंत्र शोध.

१० फेब्रुवारी
बारामतीला गेलो. तिथल्या कॉलेजात अंजली मॅडम भूगर्भशास्त्र शिकवतात. आमच्या काट्यावरच्या ज्ञानदेवची मुलगी, लहानपणी माझ्या सायकलवर बसलेली. तिला टवका दिला. तिने भिंगातून पाहिला, काहीतरी थेंब टाकला आणि म्हणाली, काका, क्यूप्राइटच आहे. पुढे म्हणाली, पण काका, आपल्याकडच्या दगडात हे असं... एवढ्यात एसटीची वेळ झाली. मुख्य मुद्दा कळला होता. रविवारी ये म्हटलं, खाण दाखवतो.

येताना दोन चहा. हे प्रवासाचे, संकल्पात धरायचे नाहीत.

११ फेब्रुवारी
इंदापूरला तहसीलमध्ये खाणीच्या परवानगीची चौकशी. क्लार्क म्हणाला, मुरूम काढायचा हाय का? मी म्हटलं, क्यूप्राइट. तो म्हणाला, ते गौण खनिजात बसत न्हाय. मी म्हटलं, बरोबर, हे गौण नाहीच. दोघांचंही समाधान झालं.

१३ फेब्रुवारी
राजेश्वरीला पाइपचा शॉक बसला. चार हात लांब जाऊन पडली. खरचटण्यावर निभावलं. मी फार घाबरलो. हे इथंच लिहितो, तिच्यासमोर मी म्हणालो की चप्पल घालायला हवी होती.

वायरमन बिरदेव आला. म्हणाला, मोटारीत करंट उतरतोय, अर्थिंग कुठंतरी तुटलंय. शोधल्याशिवाय बटन दाबायचं न्हाय. मोटार बंद. रोपांना पाणी नाही, टेम्पोला चार दिवस.

खड्ड्यावर ताडपत्री टाकून ठेवली आहे. शोध जाहीर होईपर्यंत गुप्तता हवी. बिरदेवला सांगितलं, मागं औषध फवारलंय, तिकडं जाऊ नका.

१५ फेब्रुवारी
राजेश्वरी आणि शेजारच्या तानूबाई विहिरीवरून कळशीनं पाणी आणताहेत. सकाळपासून तिसऱ्यांदा शेंडे माना टाकताहेत. मीही दोन कळश्या आणल्या. मग कंबर धरली. तानूबाई म्हणाल्या, भावजी, तुमी बसा, तुमच्यासाठी परत पाणी आणाय लागायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार
अंजली आली. ताडपत्री काढली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, काका, कडी असलेला क्यूप्राइट मी पहिल्यांदाच बघतेय. तांबं मिठात, ओलीत पुरलं की हेच होतं. तुमच्या मोटारीचं अर्थिंग कुठंय?

बिरदेव तिथंच होता. वाकून म्हणाला, हात्तिच्या! हिंदुराव, ही तर आपलीच अर्थिंगची प्लेट, कोळसा-मीठ घालून मीच पुरलेली. रोजची बादली हिच्यासाठीच की. तुमीच दिलीवती की मला. पट्टी कुणी तोडली?

मी कण्हेरीकडे पाहत राहिलो.

बिरदेव म्हणाला, वैनी, चिंच लावून घासा, जोड घट्ट बसंल. राजेश्वरी घासायला बसली. हिरवं गेलं. लाल गेलं. सणसरचा सगळा क्यूप्राइट दहा मिनिटांत मोरीतून वाहून गेला. खाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आली. मला क्षणभर वाटलं, ब्राह्मी. राजेश्वरीने मोठ्यानं वाचलं: चि. सौ. कां. राजेश्वरीस आईकडून, १९९२.

ती घासत राहिली. मग बिरदेवला म्हणाली, दुसरी प्लेट आणा, ही जमिनीत जायची न्हाय. तो तसाच बारामतीला गेला. दुपारी चारला मोटार चालू झाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
टेम्पो आला. चार ट्रे सोडले तर सगळी रोपं गेली. ऋषिराज म्हणाला, वैनी, रोपं एक नंबर. आजच्या दिवसात घरात एवढंच बोलणं झालं.

मी विसरलो होतो, असं लिहायला बसलो होतो. ते खोटं आहे. तेव्हा, मोटार बसवताना, बिरदेवनं अर्थिंगला तांब्याची प्लेट आणून ठेवा म्हटलं होतं. काट्यावरून येऊन बारामतीला जायचा कंटाळा आला. माळ्यावर तांब्याचं घंगाळ दिसलं. हातोड्यानं सपाट केलं आणि त्याला देऊन ड्यूटीवर गेलो. तेरा वर्षं भंगारवाल्याचं नाव घेता घेता मलाही तेच खरं वाटायला लागलं. मला लाज वाटते.

सपाट घंगाळ तिनं देवघराशेजारी भिंतीला उभं केलंय, अक्षरं बाहेर.

सायंकाळी ५
राजेश्वरीनं रस्त्यावरच्या भंगारवाल्याला हाक मारून आत बोलावलं. तोच तो, आता केस पिकलेत. त्याला माझ्या खुर्चीत बसवलं. तिन्ही कूलर फुकट दिले. म्हणाली, तात्या, माझी चूक झाली, घंगाळ घरातच व्हतं. त्याला काही कळलं नाही, पण चहा दोन कप प्यायला.

मला एकही मिळाला नाही.

उठून मोटारीमागं गेलो. बादली घातली. मग आणखी एक घातली.