नवसंशोधक मंचाचा एकमेव ॲडमिन

५ जानेवारी, रविवार
आज स्थापना केली. ‘नवसंशोधक मंच, जालना.’ जिल्ह्यात पीएचडी झालेले आणि होत आलेले पुष्कळ आहेत, पण कोणी कोणाला ओळखत नाही. फेलोशिपची जाहिरात दिसली की जो तो खिशात घालतो. ही प्रथा मी मोडणार. ग्रुपचा नियम एकच: जे कळेल ते त्याच दिवशी सर्वांना कळवायचे.
संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस सदस्य. ॲडमिन मी एकटा. लोकशाही पुढच्या टप्प्यात.

१२ जानेवारी, रविवार
पहिली बैठक. मस्तगडला आमच्या गच्चीवर. सत्कारासाठी दहा शाली आणल्या होत्या. तिघे आले. रामप्रसाद, घनसावंगीच्या कॉलेजात माझ्यासारखाच तासिका तत्त्वावर; तो गणित शिकवतो, मी इतिहास. शीतल, धावड्याची, शेताच्या बांधावरच्या गवतांवर पीएचडी. आणि तिची मैत्रीण पायल, अर्थशास्त्र.
तिघांचाही सत्कार केला. नंतर संस्थापकाचा सत्कार कोणी करायचा, हा प्रश्न उरला. शेवटी जान्हवीने, म्हणजे माझ्या पत्नीने, कपडे वाळत घालता घालता मला शाल दिली.
मी ‘संशोधकांची एकजूट’ यावर चाळीस मिनिटे बोललो. शीतलने वहीत काहीतरी लिहून घेतले. होतकरू आहे.

२१ जानेवारी, मंगळवार
गाइड सरांचा फोन. एका खासगी प्रतिष्ठानाची नवसंशोधकांसाठी फेलोशिप निघाली आहे. तीन वर्षे, पूर्ण वेळ. अर्जाची मुदत २८ फेब्रुवारी. सर म्हणाले, केदार, तुमच्यासाठीच आहे, कुठे बोलू नका.
जाहिरात अकरा पानांची. तिसऱ्या पानापर्यंत वाचली. वयोमर्यादा चाळीस. मला ३ मार्चला चाळीस पूर्ण होतील. म्हणजे ही शेवटची. पुढच्या पानांवर नेहमीचेच नियम असतात.
ग्रुपवर टाकायचा विचार केला. पण अपुरी माहिती देऊन सदस्यांची दिशाभूल करणे योग्य नाही. मुदत संपल्यावर पूर्ण माहिती देईन.

२२ जानेवारी
ग्रुप म्यूट केला. एकाग्रता हवी.

२७ जानेवारी
घनसावंगीच्या जीपमध्ये रामप्रसाद शेजारी बसतो आणि फार बोलतो. आपल्याही तोंडून काही जायचे. आजपासून बसने. बस उशिरा पोचली. पहिला तास बुडाला. मोठ्या कामात असे होते.

३ फेब्रुवारी, सोमवार
शीतलचा फोन. तिने “सर, ते फेलोशिपचं” एवढे म्हणताच मी सांगितले की सध्या बिलकुल काही आलेले नाही, धीर धरा, आले की मी स्वतः कळवीन. आणि फोन ठेवला. तिला कुठून वास लागला कळत नाही.
विषय पक्का: निजामकाळातील आठवडी बाजार. शीर्षक तयार. उद्यापासून प्रस्ताव.

१४ फेब्रुवारी
शीर्षक बदलले. शीतलचे सहा मिस्ड कॉल. उचलले नाहीत. लोकांना सगळे आयते हवे असते.
जान्हवीने विचारले, तुमचा ग्रुप तुम्हीच का बघत नाही? संघटकाला अंतर राखावे लागते, असे सांगितले. ती बँकेत निघून गेली.

२२ फेब्रुवारी
रामप्रसाद घरी आला होता. मी घरी नाही म्हणून जान्हवीला सांगायला लावले. “वहिनी, सरांची एक सही पाहिजे होती,” असे म्हणाला म्हणे. कसल्या तरी निवेदनावर असेल. मी आता निवेदनांच्या पलीकडे गेलो आहे.

२७ फेब्रुवारी
प्रस्ताव पूर्ण. उत्तम झाला आहे. उद्या निवांत भरतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी ११. पोर्टल उघडले. फोटो, सही, प्रमाणपत्रे सर्व बराबर. मुदत पाच वाजता. जेवून घेतो.
दुपारी ३.१०. चौथ्या टप्प्यावर दोन रकाने. सहअर्जदार १. सहअर्जदार २. पुढे जाता येत नाही.
३.२०. जाहिरातीचे नववे पान. एकट्याचा अर्ज स्वीकारला जाणार नाही. एकाच जिल्ह्यातले तीन संशोधक, वेगवेगळ्या विषयांचे. एका संशोधकाचे नाव एकाच अर्जात.
३.३०. रामप्रसादला फोन. तो शीतलच्या अर्जात आहे.
३.४०. शीतलला फोन. तिने महिन्याभरापूर्वीच जाहिरात ग्रुपवर टाकली होती. नियमाप्रमाणे, दिसली त्याच दिवशी. ती म्हणाली, “सर, तिसरं नाव तुमचंच टाकलं होतं. पंधरा दिवसांपासून वाट पाहून राह्यलो तुमची. सही न्हाई भेटली, मंग काल पायलला घेतलं.”
अर्ज गेला का, विचारले. “गेला ना सर, सकाळीच.”
४.१०. ग्रुप उघडून इतर सदस्यांना फोन. एक पुण्याला गेला. एकाने कोचिंग क्लास काढला. एकाने विचारले, आपण कोण?
५.०१. पोर्टल बंद.

३ मार्च
चाळीस पूर्ण. जान्हवीने श्रीखंड आणले. तशी ही फेलोशिप नवख्यांसाठीच होती. मी आता मार्गदर्शकाच्या भूमिकेत जायला हवे.

३१ मार्च
तासिका तत्त्वावरची नेमणूक आज संपली. प्राचार्य म्हणाले, पुढच्या वर्षी वर्कलोड पाहू. माझे पहिले तास बरेच बुडाले, असेही म्हणाले.

१८ एप्रिल, शुक्रवार
निकाल. शीतल, रामप्रसाद, पायल. निवड झाली. ग्रुपवर मी लिहिले: हा मंचाचा विजय आहे. शीतलने हात जोडल्याचे चित्र टाकले. बाकी कोणी काही लिहिले नाही.

१४ जून, शनिवार
तिघांची पहिली कार्यशाळा, जालन्यात, नवसंशोधकांसाठी. शीतलने स्वतः फोन करून बोलावले. दहा मिनिटांचे भाषण तयार करून गेलो. पत्रिकेत नाव नव्हते. ऐनवेळी घेतील असे वाटले.
शंभरावर पोरे आली होती. जिल्ह्यात एवढी आहेत हे मला माहीत नव्हते. रामप्रसाद त्यांना हॉल दाखवत होता. मला पाहून हात केला, मग कोणीतरी त्याला हाक मारली.
दाराशी नोंदणी. नाव लिहिले. विषय लिहिला. तिसरा रकाना संस्थेचा. घनसावंगीच्या कॉलेजचे नाव लिहिले, मग खोडले. टेबलावरच्या मुलीने सांगितले, “सर, तो रिकामा न्हाई ठेवायचा. काही बी लिहा, चालतं.”
विचार केला. मागे रांग होती. रकाना रिकामाच ठेवून पेन परत दिले.