वाटीभर दूध

मेट्रनबाई, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण तुमचा आवाज अजून माझ्या तोंडून निघतो. नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी बाळाची वाटी उकळायला विसरले, तेव्हा तुम्ही ती अख्ख्या वॉर्डसमोर माझ्या नाकाशी धरलीत आणि म्हणालात, "यातून आधी स्वतःच्या आईला पाज, मग बाळाला." मी रडले, पण पुन्हा कधी विसरले नाही. माणूस लाजवल्याशिवाय सुधारत नाही, हे मी तेव्हापासून धरून बसले.

आता मी नवी मुंबईत कमी दिवसांच्या बाळांच्या विभागाची इन्चार्ज आहे. गेल्या महिन्यात तळवली गावची एक मुलगी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ माझ्या तळहातावर मावेल एवढं. अशा बाळाचं आतडं कच्चं असतं. ते सुजतं, सुजता सुजता मरतं, आणि ते टाळायला आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही. हे तिला नीट समजावून सांगायचं सोडून मी तिने काढलेल्या दुधाच्या वाटीत डोकावून म्हटलं, "एवढंच? शेजारच्या बेडवरचीला येतं ते काय आभाळातून पडतं?"

"सिस्टर, येतच नाय. थेंबच हायत."

"थेंबांवर बाळं जगतात होय? तो मोबाइल ठेव आणि दूध काढ."

बाकीच्या आया हसल्या. मी त्यांना हसू दिलं. खरं तर एवढ्याशा बाळाला सुरुवातीला थेंबच पुरतात, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी तिने वाटी भरून आणली. "बघ, ओरडल्याशिवाय तुम्हा पोरींना काही सुचत नाही," मी म्हटलं. ती पहिल्यांदाच हसली. दुधाच्या तळाशी एक बारीक, पिठूळ गुठळी होती. इतकी वर्षं आईचं दूध पाहणाऱ्या बाईला ती दिसली नाही, असं मी म्हणणार नाही. दिसली. पण माझं ओरडणं फळाला आलं होतं, म्हणून वाटी पुढे दिली.

दोन दिवसांनी मी टेपने बाळाचं पोट मोजते, तर ते फुगलेलं. कातडी ताणून चकाकतेय. दूध द्यायला पोटात घातलेल्या नळीतून मागे ओढते, तर हिरवं पित्त. दूध बंद, एक्स-रे, सर्जन. पोट उघडलं तेव्हा आतडं काळं पडलं होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, सर्जननी पोट तसंच शिवलं. दुपारी बाळ गेलं.

हात धुवायच्या बेसिनपाशी तिने मला गाठलं. "तुमी वरडाल म्हनून डब्याची दूध पावडर मिसळली मी. घरी कोनाला नाय सांगितलं. माझ्यामुलंच झालं ना?"

पावडरीशिवायही हा आजार होतो. नुसत्या आईच्या दुधावरची बाळंही त्यात जाताना मी पाहिली आहेत. तिचं बाळ कशाने गेलं, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढंच तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "आता सांगून काय उपयोग?" आणि पुढच्या बाळाकडे वळले.

सगळं तुमच्या माथी मारायला बसले होते. पण तुम्ही मला माझ्या चुकीसाठी बोललात; तिची तर काही चूकच नव्हती. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही. तिचा पत्ता केसपेपरवर आहे. आज तो शोधून काढला, दोनदा वाचला आणि फाईल परत कपाटात ठेवली.