आधी त्याचं सांग

काचीगुडा, हैदराबाद
४ ऑगस्ट १९९४

चि. विक्रम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, माझं डोकं सोडून. माझ्या पुस्तकाची प्रत काल मिळाली. पुस्तक बाजारात जाऊन खपलं, आणि लिहिणारीला सगळ्यांत शेवटी! कागद छान, नाव ठळक. आतलं पुस्तक मात्र माझं नाही.

एम. ए.ला धर्म आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांच्या हाताशी असावं म्हणून मी ते इतकी वर्षं खपून लिहिलं. प्रत्येक प्रकरणात आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, त्याच्याच जोमाने. मग त्याला उत्तर. तू सगळे पूर्वपक्ष कापलेस आणि नुसती उत्तरं छापलीस. समोर कोणी नाही आणि मी आपली हवेत तलवार फिरवतेय! कोणाला विचारून कापलंस?

परवा माझी जुनी विद्यार्थिनी सुलभा नांदेडहून आली. ती तिथे शिकवते. तिने विश्वासाने तुझं हे पुस्तक वर्गात वाचलं. सारं काही क्षणिक आहे या बौद्धमताचं खंडन वाचून झाल्यावर एका बौद्ध मुलीने उठून विचारलं, की आमच्या लोकांनी काहीच सांगितलं नव्हतं का? सुलभाने पानं उलटून शोधलं. पुस्तकात ते नव्हतंच. माझं नाव तेवढं होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दोन वर्षांपूर्वी दंगलीत आपल्या हैदराबादेत करफ्यू लागला तेव्हाही सगळ्यांकडे नुसती उत्तरंच होती.

दुसरी आवृत्ती काढतोयस म्हणे. कापलेलं परत घाल, नाहीतर माझं नाव काढ.

अपर्णाचा खोकला कसा आहे? तिला आलं-मध दे. भावजयीवर राग नाही.

लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबलाय.
तुझी,
ताई

पुणे
११ ऑगस्ट १९९४

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उघडलं आणि हात भाजले. अपर्णाचा खोकला बरा आहे, आता मलाच ठसका लागलाय.

ताई, जमाना बदलला. शिक्षकांना परीक्षेपुरतं, झटपट हवं असतं. तुझा ग्रंथ आहे तसा छापला असता तर वाण्याकडे पुड्या बांधायला गेला असता. तुझं नाव काढलं तर पुस्तक घेणार कोण? आवृत्ती पुढच्या आठवड्यात मशीनवर चढेल. धंद्यातलं मला कळतं, दर्शनातलं तुला.

रागावलीस की तू हुबेहूब बाबांसारखी लिहितेस. जमलं तर गोंगुऱ्याचं लोणचं पाठव.

राग ओसरला की लोभ वर यावा.
तुझा,
विक्रम

काचीगुडा
१६ ऑगस्ट १९९४

चि. विक्रम यास,
अ. उ. आ. वि. वि.

बाबांचं नाव काढलंस ते बरं केलंस. चिक्कडपल्लीच्या घरात आपण भांडण घेऊन गेलो की बाबा काय म्हणायचे? आधी त्याचं सांग. ज्याचं सांगितलं तो ‘हौ’ म्हणेपर्यंत स्वतःचं तोंड उघडायचं नाही. किती वेळा तू हट्टाने ‘हौ’ म्हणायचा नाहीस, आणि मी रडत रडत तुझीच बाजू पुन्हा मांडायची! तर ऐक, तुझं सांगते.

विक्रमचं म्हणणं असं. तासांवर शिकवणारी एखादी बाई सकाळी एका गावात तर्कशास्त्र शिकवते, दुपारी एसटीने दुसऱ्या गावात धर्म. तिच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या खोलीत कॉम्प्युटर बसले आणि पुस्तकं पोत्यांत गेली. जाड ग्रंथ दिला तर ती उघडणारच नाही, आणि मुलांपर्यंत एक ओळही जाणार नाही. बाकीचे प्रकाशक संगणक आणि मॅनेजमेंटच्या मागे धावले. तत्त्वज्ञान छापणारा विक्रम एकटा उरला. त्याचा छापखाना बंद पडला तर ताईचा पूर्वपक्ष नाही आणि उत्तरही नाही. अर्धं पोचलं तरी पोचलं. ताई सरकारी पगाराच्या सावलीत बसून रागावते. उन्हात तो उभा आहे. आणि त्याला बहिणीच्या पुस्तकाचं वाईट करायचं नव्हतं, ते जगवायचं होतं.

काही राहिलं असेल तर कळव, भर घालते. बरोबर असेल तर ‘हौ’ लिही. मगच माझं सांगेन. तोवर राग जसाच्या तसा आहे आणि लोणचं बरणीतच राहील.

आशीर्वाद मात्र अडवून ठेवत नाही.
ताई

पुणे
२२ ऑगस्ट १९९४

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हौ.

तुझं पत्र अपर्णाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, की इतके दिवस तुम्ही जे सांगत होता ते आज पहिल्यांदा पटलं. मला रागच आला. माझी बाजू मला कधी इतकी नीट मांडता आली नाही, आणि मांडणारी बाई माझ्या विरोधात! हे करायला शिकवणारी पानंच मी कापून टाकली.

आवृत्ती मशीनवरून उतरवली आहे. तुझं सगळं जसंच्या तसं जाईल. पुस्तक जाड होईल. खपेल तेव्हा खपेल. तुझं म्हणणं अजून ऐकायचं आहे, पण आवृत्ती त्यासाठी थांबायला नको.

पहिली प्रत नांदेडला पाठवतो. सुलभाला सांग, वर्गात आधी त्या मुलीच्या लोकांचं म्हणणं वाच. ती ‘हौ’ म्हणाली, तरच पान उलट.

लोभ लोणच्यासकट असावा.
तुझा,
विक्रम